जुन्या, बदल केलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला तर: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात जुन्या गाड्या जीव लावून सांभाळणारे लोक पुष्कळ आहेत. वडिलांची एस्टीम, कॉलेजच्या दिवसांतली झेन, पहिल्या पिढीतली होंडा सिटी, सँट्रो. कुणी सीएनजी बसवलेली, कुणी हेडर (इंजिनाला जोडलेला धुराचा बदललेला पाईप) आणि मोठा सायलेन्सर लावलेला, कुणाचं अख्खं इंजिनच बदललेलं. अशा गाडीत पिवळा दिवा लागला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

एक गोष्ट आधीच ध्यानात असू द्या. इंजिनाचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच आहे असं धरून चालतो. मधल्या वीस वर्षांत तिच्यात काय काय बदललं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे ईसीएमने नोंदलेला दोषाचा कोड वाचताना मूळ गाडी आणि आताची गाडी, दोन्ही डोळ्यांसमोर हव्यात.

दिवा लागला. गाडी तिथेच थांबवायची का?

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घरापर्यंत सावकाश जायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. सीएनजीवर असाल तर पेट्रोलवर टाका आणि मिसिंग थांबतं का ते लक्षात ठेवा. पुढच्या तपासात ही एक नोंद फार कामाला येते.

ऑईलचा लाल दिवा किंवा तापमानाचा काटा चढलेला असेल तर प्रश्नच नाही. इंजिन ताबडतोब बंद.

दिवा कधी लागतच नाही. म्हणजे सगळं ठीक ना?

आधी दिवा जिवंत आहे का ते बघा. चावी ‘ऑन’ करा, इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागला नाही तर बल्ब गेलाय, कुणी काढलाय, किंवा मीटर बदलताना त्याची वायर जोडलेलीच नाही. सेकंड हँड गाडीत हा दिवा ऑईलच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याला जोडून ठेवल्याचंही आढळतं: दोन्ही एकाच क्षणी विझतात. जुनी गाडी विकत घेताना पहिली तपासणी हीच करा. टायर आणि रंग नंतर.

माझ्या गाडीतून कोड वाचता येतील का?

गाडीच्या वयावर आणि ती कुठे विकली गेली यावर ते अवलंबून आहे. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची व्यवस्था; ओबीडी-२ ही तिची ठरलेल्या कोडची पुढची आवृत्ती. अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचं झालं १९९६ साली. आपल्याकडे ओबीडीची सक्ती बीएस-४ या धुराच्या नियमांसोबत आली, २०१० मध्ये पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. पण बीएस-४ स्वतः २०१० मध्ये निवडक तेरा शहरांत लागू झालं. पुणे, मुंबई, अहमदाबाद, सुरत, सोलापूर त्यात होती, इंदूर नव्हतं. देशभर ते लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची पुण्याची गाडी आणि इंदूरची गाडी यांच्यात ईसीएम आणि सेन्सर वेगळे असू शकतात. पुण्याच्या मेव्हण्याच्या गाडीत कोड वाचायचं जे ॲप चाललं ते तुमच्या गाडीत चालेलच असं नाही.

त्याआधीच्या गाड्यांत कोड वाचायची पद्धत वेगळी. मारुतीच्या जुन्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या, गाड्यांमध्ये तपासणीच्या सॉकेटातल्या ठरावीक दोन पिना तारेने जोडल्या की दिवा लुकलुकून दोन आकडी कोड दाखवतो. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२. त्याचा अर्थ कोणताही दोष नोंदलेला नाही. होंडाच्या त्या काळातल्या गाड्यांत लांब लुकलुक दहाची आणि छोटी एकाची: १ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, ३ म्हणजे मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), ६ कूलंटचं तापमान, ७ थ्रॉटल, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, २१ व्हीटेकचा (होंडाच्या व्हॉल्व्ह यंत्रणेचा) सोलेनॉईड, ४१ ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. कोणत्या पिना जोडायच्या ते त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून बघा. अंदाजाने तार लावली तर ईसीएम जळू शकतो, आणि जुन्या मॉडेलचा ईसीएम शोधणं हे वेगळंच दुखणं आहे.

सोळा पिनांचं सॉकेट आहे, तरी कोड वाचणारा ॲडॉप्टर जोडला जात नाही. का?

सॉकेटचा आकार तोच असला तरी आतली भाषा तीच असेल असं नाही. अनेक जुन्या गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचं असतं, पण बोलणं कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालतं. तिथे साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर निरुपयोगी. त्या कंपनीचा प्रोटोकॉल येणारा स्कॅनरच लागतो.

भाषा जुळत असेल तर मल्टिमीटर घ्या. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज यायला हवा. ४ आणि ५ या अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या, पिना. १६ वर काहीच नसेल तर फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरला किंवा म्युझिक सिस्टीमला सामायिक असतो, आणि टेप बसवताना तो उडालेला असतो. गाडी कॅनवर, म्हणजे नव्या गाड्यांतल्या दोन वायरींच्या संवादाच्या लाईनवर, बोलणारी असेल तर इग्निशन बंद ठेवून ६ आणि १४ या पिनांमध्ये साधारण ६० ओहम मिळतात. १२० मिळाले तर एका टोकाचा रेझिस्टर लाईनवर नाही.

स्वस्त ॲडॉप्टरही तपासून घ्या. बाजारातल्या कित्येक नकली तुकड्यांना जुन्या के-लाईनवर, म्हणजे ७ नंबरच्या पिनेवर, बोलताच येत नाही. दुसऱ्या, नव्या गाडीत तो चालतोय म्हणून तुमच्या गाडीत दोष आहे असं लगेच मानू नका.

कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आलं तो बदलला की काम झालं ना?

नाही. सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

कोड सांगतो की अमुक सर्किटवर ईसीएमला अपेक्षेबाहेरची किंमत दिसली. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा प्लग (वायरीचा जोड), दोन-तीन मीटर वायर, अर्थ, आणि ज्या गोष्टीचं माप घ्यायचं ती गोष्ट स्वतः. पी०११८ आला, म्हणजे कूलंट सेन्सरचा व्होल्टेज फार चढा दिसतोय. सेन्सर गेलेला असेल, प्लग सैल असेल, किंवा वायर तुटली असेल. सेन्सरचा प्लग काढून वायरीकडच्या प्लगमधल्या दोन पिना तारेने जोडा. स्कॅनरवर तापमान एकदम वरच्या टोकाला गेलं, तर वायर आणि ईसीएम ठीक आहेत आणि सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. काहीच हललं नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. हे सगळं पाच मिनिटांचं काम.

सेन्सर स्वतंत्रपणेही मोजता येतो. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत तो २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून घरीच बघता येतं.

कोडची रचना समजली तर दिशा मिळते. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअर, यू म्हणजे आपसातला संवाद. त्यापुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड, १ म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरी जागा विभाग सांगते: १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ धुराचं नियंत्रण, ५ वेग आणि आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं), ६ खुद्द ईसीएम. कंपनीच्या स्वतःच्या कोडचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका.

कोड आधी पुसून टाकू का? परत आला तर बघू.

पुसायच्या आधी कागदावर उतरवा किंवा फोटो काढा. कोडसोबत बऱ्याच गाड्यांत त्या क्षणाचं चित्र साठलेलं असतं, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: वेग किती, आरपीएम किती, इंजिन गरम की थंड, लोड किती. थंड इंजिन, आयडलिंग आणि गाडी उभी, या स्थितीतला पी०३०१ (पहिल्या सिलिंडरचं मिसिंग) आणि ८० च्या वेगाने बायपासवर चढ चढताना आलेला पी०३०१, यांचे तपास निराळे आहेत. कोड पुसला की हे चित्रही जातं. बॅटरीची केबल काढून ठेवली तरी तेच होतं, वर ईसीएमने शिकलेली आयडलिंगची आणि इंधनाची दुरुस्तीही जाते.

मग तपास सुरू कुठून करायचा?

वहीतून. गाडीत मूळचं नसलेलं जे जे काही आहे त्याची यादी करा: गॅस किट, हेडर, कोन फिल्टर, अलार्म, रिमोट लॉक, ॲम्प्लिफायर, एलईडी किंवा एचआयडी दिवे, बदललेलं इंजिन, पिगीबॅक (मूळ ईसीएमला जोडलेला ट्यूनिंगचा जास्तीचा डबा), दुसऱ्या मॉडेलचे इंजेक्टर. प्रत्येकासमोर ते कधी बसलं आणि कुठून वीज घेतंय ते लिहा. कोड नवा असेल आणि दोन महिन्यांपूर्वी अलार्म बसवला असेल, तर आधी अलार्मची वायर उघडा.

मग बॅटरी आणि अर्थ. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे. मुंबईहून किंवा कोकणातून आणलेल्या गाडीत ही पट्टी वरून चांगली दिसते आणि थिंबलच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी झालेली असते. थिंबल कापून नवीन लावा, खालचं लोखंड घासून स्वच्छ करा. इंजिन काढ-घाल झालेल्या गाड्यांत एखादी अर्थ परत लावायचीच राहून गेलेली असते, हेही तपासा.

सीएनजी किट आहे आणि पी०१७१ पुन्हा पुन्हा येतो. काय करू?

इंदुरात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, इंधन कमी. ईसीएम ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन कमी-जास्त करत असतो आणि ही दुरुस्ती, म्हणजे ट्रिम, स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म शिकून ठेवलेली. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर गाडी निरोगी. ती २०–२५ कडे सरकली की बहुतेक गाड्या हा कोड टाकतात.

सिक्वेन्शियल किट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅसचा इंजेक्टर असलेलं किट, कसं चालतं ते लक्षात घ्या. पेट्रोल इंजेक्टरला ईसीएम जो पल्स (उघडायचा इशारा) देतो तो गॅसचा कंट्रोलर पकडतो, त्याचा हिशेब करून गॅसचा इंजेक्टर उघडतो. पेट्रोलच्या ईसीएमला आपण पेट्रोलच देतोय असंच वाटत असतं. गॅसचं ट्यूनिंग पातळ असेल, गॅसचा फिल्टर चोंदला असेल किंवा रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) दाब घसरला असेल, तर ईसीएम पल्स वाढवत जातो आणि ती वाढ शिकून ठेवतो. मग पेट्रोलवर आलात की तीच वाढ लागू होते, मिश्रण गडद होतं, स्पार्क प्लग काळे पडतात. दोष गॅसचा आणि पेट्रोल इंजेक्टर साफ करून घेण्याचा खर्च तुमचा.

म्हणून पहिली कसोटी अशी. कोड उतरवून घ्या, पुसा, गॅस स्विचवरून बंद करा आणि टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही बंद करा. आठवडाभर फक्त पेट्रोलवर, रोजच्या रस्त्याने चालवा. ट्रिम शून्याजवळ आली तर पेट्रोलची बाजू स्वच्छ आहे. गॅसवाल्याकडे जा आणि फिल्टर, रिड्यूसर, गॅसचे इंजेक्टर, गॅसच्या कंट्रोलरमधला ट्यूनिंगचा मॅप या क्रमाने तपासायला सांगा. पेट्रोलवरही २० दाखवत असेल तर किटला दोष देऊ नका.

पेट्रोलची बाजू तपासताना एक फरक लक्षात असू द्या. ज्या गाड्यांत हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत मॅनिफोल्डची फुटकी होज सरळ पी०१७१ देते: आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला ती उतरते. पण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मारुती, होंडा गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या दाबावर चालतात. त्यांत बाहेरून शिरलेल्या हवेचा दाब सेन्सरला दिसतो आणि ईसीएम तिच्यासाठी पेट्रोलही देतो. मग मिश्रण पातळ होण्यापेक्षा आयडलिंग चढतं. अशा गाडीत ट्रिम वर असेल तर पेट्रोलचा दाब, चोंदलेला फिल्टर, सायलेन्सरची गळती आणि मिसिंग आधी बघा. रेस दिल्यावर, लोडवर ट्रिम आणखी चढत असेल तर पंप आणि फिल्टरवर संशय जास्त.

मिसिंगमुळे मिश्रण पातळ का दिसतं, असं विचारतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता बाहेर जातो आणि सेन्सरला तोच दिसतो. म्हणून पी०१७१ सोबत पी०३०१ ते पी०३०४ पैकी काही असेल तर मिसिंग आधी सोडवा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे पेट्रोलवर निभावणारा जुना प्लग किंवा कॉईल गॅसवर हार मानते. प्लगची फट गॅससाठी ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर बदला. हात लांब ठेवा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटा झिजून टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होते आणि गरम झाल्यावर आयडलिंगला मिसिंग सुरू होतं. तिथे सेन्सर बदलून काही होणार नाही. टॅपेट मोजा, कॉम्प्रेशन मोजा.

दोन हजारच्या दशकातलं जुनं मिक्सरवालं किट असेल तर त्यात ईसीएमला फसवण्यासाठी इम्युलेटर लावलेला असतो. तो सडला की ऑक्सिजन सेन्सरचे किंवा इंजेक्टरचे कोड येतात आणि खरे पार्ट ठणठणीत असतात. शिवाय टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगी लवकर पाडणारा डबा) लावला असेल तर तो क्रँक सेन्सरची वायर कापून मध्ये बसवलेला असू शकतो. चालत्या गाडीत मध्येच बंद पडणं आणि पी०३३५, ही जोडी दिसली की आधी तो बाजूला करून वायर मूळ अवस्थेत जोडा.

गॅसच्या जोडांची गळती साबणाच्या पाण्याने बघा. भरलेल्या टाकीत २०० बारचा दाब असतो. त्या बाजूच्या नटाला स्वतः पाना लावू नका. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते, तीही तारीख बघून घ्या.

ई-२० पेट्रोलमुळे कोड येतात का?

एकट्या त्यामुळे सहसा नाही, पण काठावरच्या गाडीला ते पलीकडे ढकलतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं आणि ही वाढ ईसीएम ट्रिममधून करतो. ट्रिम आधीच १२–१४ वर असलेली गाडी त्या आठ-नऊ टक्क्यांनी हद्द ओलांडते. दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरून काही साधणार नाही. आधीचे १२ कुठून आले ते शोधा.

जुन्या रबरी होज आणि ओ-रिंगवर इथेनॉलचा परिणाम होतो. टाकीतला जुना गाळही तो सोडवतो. वीस वर्षांच्या गाडीत पेट्रोल फिल्टर आणि होज नवीन करून घेणं हा मला खर्च वाटत नाही, आगीपासूनचा बचाव वाटतो.

हेडर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्यापासून ऑक्सिजन सेन्सरचे कोड येतात.

तीन गोष्टी बघा. हेडरमध्ये सेन्सरची जागा इंजिनापासून लांब गेली असेल तर तो पुरेसा तापत नाही आणि संथ होतो. जुन्या गाडीत एकाच वायरचा, हीटर नसलेला सेन्सर असेल तर हा त्रास हमखास. दुसरं, हेडरच्या गॅस्केटमधून किंवा वेल्डमधून गळती असेल तर धूर बाहेर जातो आणि दोन झटक्यांच्या मध्ये हवा आतही ओढली जाते. सेन्सरला ती दिसते, मिश्रण पातळ वाटतं. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचं तोंड जाड कपड्याने क्षणभर दाबा आणि पुढे फुसफुस ऐकू येते का बघा. तिसरं, सेन्सरची वायर हेडरला चिकटून वितळलेली असते.

सेन्सर चांगला असेल तर इंजिन गरम झाल्यावर, आयडलिंगच्या वर, त्याचा व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली जातो. ०.४५ ला गोठून बसला असेल तर सेन्सर थंड आहे किंवा सर्किट तुटलं आहे.

पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) असेल आणि कॅट काढून टाकलेला असेल, तर कोड खरं तेच सांगतोय. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून दिवा विझवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मी ती सुचवत नाही. आपल्या गल्लीत, आपल्याच मुलांच्या नाकात तो धूर जातो. चांगल्या प्रवाहाचा कॅट बसवता येतो आणि रस्त्यावरच्या गाडीत त्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही.

उघड्या कोन एअर फिल्टरमुळे कोड येतात का?

मॅप सेन्सरवाल्या गाडीत क्वचितच. एमएएफ असेल तर फिल्टरला लावलेलं जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसतं आणि पी०१०१ येतो. एमएएफ क्लीनर वापरा, तारेला बोट लावू नका. बॉनेटखाली उघडा कोन मे महिन्यात इंजिनाचीच गरम हवा ओढतो. मूळ डबा परत बसवणं उत्तम.

एकाच वेळी चार-पाच कोड आले. सगळे सेन्सर एकदम कसे जातील?

जात नाहीत. ते सगळे कशात सामायिक आहेत ते शोधा. मॅप आणि थ्रॉटल सेन्सरला ईसीएमकडून एकच ५ व्होल्टची लाईन जाते. मॅप सेन्सर आत शॉर्ट झाला तर थ्रॉटलचाही कोड येतो: पी०१०७ आणि पी०१२२ एकत्र. चावी ऑन ठेवून ती लाईन मोजा. ५ च्या जागी १–२ दिसत असेल तर एकेक सेन्सरचा प्लग काढत जा; ज्याचा काढल्यावर ५ परत येतात तो, किंवा त्याची वायर, दोषी.

५ व्होल्ट बरोबर असतील तर सेन्सरची अर्थ बघा. ॲम्प्लिफायरची किंवा एचआयडीची जाड अर्थ ईसीएमच्या अर्थच्या बोल्टवरच कसलेली असते, आणि म्युझिक वाढवलं की सेन्सरचे आकडे डोलू लागतात. ती अर्थ सोडवून थेट बॅटरीला न्या. पी०५६२ किंवा पी०५६३ (गाडीचा व्होल्टेज कमी किंवा जास्त) असेल तर सेन्सरांकडे बघूच नका, अल्टरनेटर आणि रेग्युलेटर आधी.

इंजिन दुसऱ्या मॉडेलचं बसवलंय. काही कोड जातच नाहीत.

ज्या वस्तू या गाडीत नाहीतच त्यांचे कोड राहणार: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), टाकीच्या वाफेचा व्हॉल्व्ह, ऑटोमॅटिक गिअरचे सोलेनॉईड. हे कोणते ते एकदा ओळखा आणि वहीत कायमचे लिहून ठेवा, नाहीतर खरा नवा कोड त्या गर्दीत दिसत नाही. पी०५०० मात्र दुर्लक्षित करू नका. वेगाचा सेन्सर जोडलेला नसेल तर ब्रेक मारून थांबताना आयडलिंग कोसळतं आणि गाडी सिग्नलला बंद पडते.

पिगीबॅक असेल तर तो बायपास करून, मूळ ईसीएमवर गाडी चालवून बघा. पिगीबॅक सेन्सरची किंमत बदलून ईसीएमला दाखवतो. तुम्ही स्कॅनरवर वाचता ती बदललेली किंमत. पण मोठे इंजेक्टर किंवा टर्बो असेल तर बायपास करून गाडी पळवू नका. तिथे वाईडबँड मीटर (मिश्रण नेमकं मोजणारा) लावून ट्यूनरकडेच जा.

मॅप सेन्सर बरोबर आहे हे कसं ठरवू?

याचं उत्तर इंदुरात वेगळं आहे. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकात लिहिलेलं असतं १०१ किलोपास्कल, पण ते समुद्रसपाटीचं. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे ९५ च्या जवळपास यायला हवं, पावसाळ्यात थोडं आणखी कमी. ९५ दिसलं म्हणून सेन्सर बदलू नका, आणि १०१ दिसलं तर खूश होऊ नका. निरोगी इंजिनाला गरम आयडलिंगवर साधारण ३० ते ४० दिसतं. तिथे ५०–५५ असेल तर हवा शिरतेय, टायमिंग मागे आहे किंवा टॅपेट घट्ट झालेत. मोठा कॅमशाफ्ट बसवला असेल तर आकडा मुळातच चढा राहतो.

कोड फक्त पावसाळ्यात येतो, उन्हाळ्यात गायब.

वायरींच्या प्लगमधलं पाणी, कॉईलला गेलेली बारीक चीर आणि उंदीर. जून-जुलैत उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि वायर कुरतडतात. बाहेरून टेप शाबूत, आत तांबं उघडं. इंजिन सुरू ठेवून हार्नेस (वायरींचा गठ्ठा) वीतभर अंतराने हलवत जा आणि दुसऱ्याला स्कॅनरवर आकडे बघायला सांगा. जिथे आकडा उडी मारतो तिथे टेप उघडा. जोड पिळून टेप गुंडाळू नका; सोल्डर किंवा चांगला क्रिम्प, वर गरम करून आवळणारी नळी.

फक्त घाटात कोड येतो.

भेरूघाट किंवा मानपूरचा घाट चढताना इंजिन सर्वांत जास्त इंधन आणि सर्वांत जोरदार ठिणगी मागतं. शहरात ४० च्या वेगाने फिरून हा दोष सापडणार नाही. पेट्रोल दाबाचा गेज लावून लोडवर दाब पडतो का ते बघा, प्लग आणि कॉईल तपासा. 

घरी कोणती साधनं ठेवू?

चांगला डिजिटल मल्टिमीटर आधी. महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर मिळतो. मग तुमच्या गाडीची भाषा येणारा स्कॅनर, टेस्ट लॅम्प, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर स्कॅनर असून अडतं. टेस्ट लॅम्प ईसीएमच्या सेन्सर वायरींना लावू नका, तो जास्त करंट ओढतो.

मेकॅनिक म्हणतो, “भिया, सेंसर गया है, बदलना पड़ेगा.” काय विचारू?

नम्रपणे विचारा: कोणता कोड, किती व्होल्ट आला आणि किती यायला हवा होता. चांगला मिस्त्री मीटर लावून दाखवतो आणि असा मिस्त्री मिळाला की त्याला सोडू नका. तपासाचे पैसे वेगळे द्या, मनापासून द्या. डोकं लावून तासभर वायर शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि पार्ट बदलणाऱ्याला कमिशन मिळतं, मग पार्टच बदलले जाणार. त्याला तुमची बदलांची यादी आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो द्या. जुना पार्ट परत मागून ठेवा.

दिवा लागलेला असताना पीयूसी होईल का? आणि बदलांचं कायद्यात काय?

पीयूसीत आयडलिंगचा धूर मोजतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. मिसिंग करणारी गाडी हायड्रोकार्बनवर अडकते, म्हणून त्या कागदावरचे आकडे निदानालाही वापरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीतले बदल येतात. सीएनजी किट आणि बदललेलं इंजिन आरसीवर चढलेलं हवं, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो.

दुरुस्ती झाली हे नक्की कधी मानू?

कोड पुसल्यावर दिवा विझला याला अर्थ नाही, तो तुम्हीच विझवलात. स्कॅनरवर ‘रेडिनेस’चे पान बघा. सगळ्या तपासण्या पूर्ण झालेल्या दिसल्या आणि प्रलंबित कोड नसला, तर दुरुस्ती टिकली. त्यासाठी थंड सुरुवात, थोडं शहर, थोडं बायपासवर स्थिर वेगाने, असं काही दिवस चालवावं लागतं. कोड न पुसता दोष काढलात तर ओबीडी-२ गाडीत सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि पुढे साधारण चाळीस वेळा इंजिन थंडपासून गरम झाल्यावर जुना कोडही नोंदीतून जातो. सीएनजीवाल्यांनी या फेऱ्या आधी पेट्रोलवर पूर्ण कराव्यात, मग गॅस उघडून ट्रिम पुन्हा लिहून घ्यावी. दोन इंधनांच्या ट्रिममध्ये पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वही घेऊन परत गॅसवाल्याकडे.